सत्तर अंशांचा कोन

आमच्या विभागात अर्गिरोला सगळे ‘खालची’ म्हणायचे. “खालचीला विचार.” “खालचीकडे दे.” “खालची आज रजेवर, म्हणजे आज काही मोजून होत नाही.” यात कुचेष्टा नव्हती. तिची खोली तळघरात होती, एवढंच. खिडकी नाही, भिंती काळ्या रंगवलेल्या, दाराला आतून जाड काळा पडदा. रस्त्यावरून बस गेली तरी तिचं यंत्र हलता कामा नये म्हणून ते थेट इमारतीच्या पायावर ठेवलेलं, आणि बाहेरचा उजेड आत शिरता कामा नये म्हणून तो पडदा. मी विभागाची कारकून. आम्ही दोघी एकाच हिवाळ्यात इथे लागलो. फरक इतकाच की मी थेस्सालोनिकीतच जन्मले, वाढले, आणि ती किल्किसच्या पलीकडच्या तंबाखूवाल्या गावातून आली. ग्रीक बोलताना ती शब्दांच्या शेपट्या गिळते, अजूनही.

तिचं काम मला समजायला बरीच वर्षं लागली. काचेवर प्लास्टिकचा एक निळसर थर ओतलेला असतो, डोळ्यांना जेमतेम दिसेल इतका पातळ. पण हे प्लास्टिक वेगळं. यातून वीज जाते. थराला तारा टोचून मोजायला जावं तर तो फाटतो, म्हणून अर्गिरो त्याला हातच लावत नाही. ती त्याच्यावर तिरका प्रकाश सोडते. प्रकाश थरात शिरतो, परततो, आणि परतताना त्याच्या कंपनाची दिशा थोडी बदललेली असते. त्या बदलावरून थर किती जाड, त्यात वीज किती मोकळी फिरते, हे गणिताने काढायचं. गोम अशी की प्रकाश सरळ उत्तर देत नाही. थर आतून कसा असेल याचा आधी आपण अंदाज धरायचा, त्यावरून एक रेषा काढायची, आणि ती प्रकाशाने काढलेल्या रेषेवर बसते का ते बघायचं. बसली तर अंदाज बरोबर.

“आणि चुकीचा अंदाजही बसला तर?” मी एकदा सहज विचारलं होतं.

“तर मग आपण सुखी,” ती म्हणाली होती.

प्राध्यापक प्रोद्रोमोस कलाईत्झिदिस यांनी तिला घडवलं, हे विभागात कुणीही सांगेल. वडील गेल्यावर ती शिक्षण सोडून गावी निघाली होती. यांनी तिला थांबवलं, शिष्यवृत्ती मिळवून दिली, राहायला आपल्या मावशीची खोली दिली. पुढे तिचं वाईओसशी लग्न ठरलं तेव्हा कुंबारोस, म्हणजे लग्नाचे धर्मसाक्षी, म्हणून तेच उभे राहिले. वधूवरांच्या डोक्यावरच्या मुकुटांची अदलाबदल त्यांनीच केली. मिर्तो झाली, तिलाही बाप्तिस्म्याच्या कुंडातून त्यांनीच वर उचललं. म्हणजे नवरा-बायकोचे कुंबारोस आणि पोरीचे धर्मबाप. सख्ख्या भावाशी कडाडून भांडता येतं, वर्षभर अबोला धरता येतो. कुंबारोसशी नाही. तसं केलं तर गावात तिची आई लाजेने चर्चला जायची बंद झाली असती.

माणूस वाईट नव्हता, हेही सांगायला हवं. मोठा आवाज, मोठं पोट, दर सोमवारी सगळ्यांसाठी बुगात्सा, म्हणजे सारण भरलेली पापुद्र्यांची पेस्ट्री, घेऊन यायचा. आर्थिक संकटाच्या वर्षांत शहरात एकामागून एक दुकानांची शटरं पडत होती, वाईओसचा फर्निचरचा कारखाना बंद पडला होता, तेव्हा या माणसाने युरोपचा एक मोठा प्रकल्प ओढून आणला आणि विभागातल्या घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या. प्रकल्प होता गुंडाळता येणाऱ्या सौर पत्र्यांचा. अर्गिरो मोजणार, आमचा तंत्रज्ञ योर्दानिस थर छापणार, आणि सिंदोसच्या औद्योगिक वसाहतीतली एक कंपनी त्याचे पत्रे बनवणार. सगळं एका गोष्टीवर उभं होतं: या प्लास्टिकमधून वीज सगळ्या दिशांनी सारखीच जाते. प्रोद्रोमोस यांनी ते बऱ्याच वर्षांपूर्वी लिहिलं होतं, आणि ते सिद्ध करणारी मोजणी अर्गिरोची होती.

एका सकाळी ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. चेहरा धुतल्यासारखा पांढरा.

“रूला, बुगात्सा आणि हलवा यात फरक काय?”

“एक सोमवारी फुकट मिळतो.”

“थट्टा नको करू. हलवा कुठूनही काप, आतून सारखाच. बुगात्साला पापुद्रे असतात. एका पापुद्र्यावर आडवं सरकायला सोपं. वरून खाली जायचं तर दर पापुद्र्याला अडायचं.” ती खुर्चीत बसली. “आपली फिल्म, तो निळा थर, बुगात्सा आहे. आम्ही इतकी वर्षं तिला हलवा समजून मोजतोय.”

ती नेहमी सत्तर अंशांच्या तिरकस प्रकाशाने मोजायची. सगळेच तसं करतात. त्या दिवशी तिने सहज म्हणून कोन बदलत नेला, आणि एका कोनावर चपखल बसणारी रेषा बाकीच्या कोनांवर बसेना. अंदाज चुकीचा होता. सत्तर अंशांवर चुकीचा अंदाजही बसत होता.

प्रोद्रोमोस यांच्या खोलीचं दार माझ्या खोलीत उघडतं आणि ते कधीच लावत नसत. मी सगळं ऐकलं.

“सर, आडवी वीज जाते, आपण म्हणतो त्याहून जास्तच. पण उभी जवळजवळ जातच नाही.”

“यंत्र नीट बसवलंयस ना?”

“पुन्हा पुन्हा तपासलं.”

खुर्ची करकरली. मग त्यांचा आवाज आला, सोमवारचा, मायेचा. “अर्गिरो, पोरी. सगळं जग सत्तरवर मोजतं. आपणही सत्तरवर मोजू. सत्तरवर जो आकडा येतो तो खोटा आहे का?”

“खोटा नाही.”

“झालं तर मग.”

ती बाहेर आली आणि माझ्याकडे न बघता खाली गेली. तिला त्या दिवशी खोटं बोल असं कुणी सांगितलं असतं तर ती भांडली असती, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण तिला कुणी खोटं बोलायला सांगितलंच नव्हतं.

तिथून पुढे ती सत्तरवरच मोजत राहिली. दर तिमाही अहवालात एक व्यवस्थित आलेख, खाली तिची सही. जेवायला वर यायची बंद झाली. मी डबा घेऊन खाली जायचे तर पडद्याआड ती अंधारात नुसती बसलेली असायची.

“दिवा तरी लाव बाई.”

“मोजणी चालू आहे.”

चालू नसायची. यंत्राचा पंखा चालू असला की आवाज येतो, आणि आवाज नसायचा.

स्वीडनहून बोलावणं आलं ते याच काळात. तिथल्या एका गटाला तिच्यासारखीच मोजणारी हवी होती, नवऱ्यालाही काम बघून देऊ म्हणाले. वाईओसने जुन्या सूटकेसा माळ्यावरून काढल्या. अर्गिरो आठवडाभर वेगळीच दिसत होती, जिन्यावरून गुणगुणत खाली उतरताना मी तिला ऐकलं. रविवारी प्रोद्रोमोस आणि त्यांची बायको देस्पिना त्यांच्याकडे जेवायला गेले. मीही होते. कोकराचं मांस झालं, फळं आली, आणि त्यांनी मिर्तोला मांडीवर घेतलं.

“जा,” ते म्हणाले. “मी कोण अडवणारा? माझा आशीर्वाद आहे. खालचं यंत्र दुसऱ्या कुणाला चालवता येत नाही, ते बघू आम्ही. प्रकल्प थांबेल थोडा. पोरं घरी बसतील थोडी. तू जा.”

देस्पिना संत्रं सोलत राहिली. वाईओसच्या मानेची शीर ताठली, पण कुंबारोससमोर आवाज कसा चढवणार?

सूटकेसा पुन्हा माळ्यावर गेल्या. “त्यांनी नको म्हटलं असतं ना, तर मी गेले असते,” अर्गिरो मला म्हणाली.

मग पत्रे बिघडले. बिघडले म्हणजे, कागदावर जितकी वीज द्यायला हवी होती त्याच्या अर्धीही देईनात. प्रोद्रोमोस म्हणाले, थर जाड करा. योर्दानिसने जाड केला, वीज आणखी घटली. अर्थात घटणार, पत्र्यात वीज वरून खालीच जायची, आणि पापुद्रे वाढले होते. पण हे माहीत असणारी बाई तळघरात होती. सिंदोसवाल्यांनी कारण मागितलं आणि कारण म्हणून योर्दानिस सापडला. छपाई त्याची. “थरात ओल राहते,” “मिश्रण नीट ढवळत नाही,” “हा फुटबॉलच्या नादात असतो.” तो इथल्या पाओक संघाचा वेडा होता हे खरं, संघ हरला की काळे कपडे घालून यायचा. पण काम चोख करायचा. तो दिवसभर थर छापायचा, पुन्हा वाळवायचा, पुन्हा छापायचा. हाताची कातडी द्रावणांनी सोलवटली होती.

एकदा तो खाली गेला. “खालचे, तूच सांग, माझ्या थरात ओल दिसते का तुझ्या प्रकाशाला?”

“नाही दिसत,” अर्गिरो म्हणाली.

“मग सांग ना त्यांना!”

“सांगते.”

“कधी?”

तिने मला हे सांगितलं तेव्हा ती रडत नव्हती. “रूला, मी त्याच्या तोंडाकडे बघून ‘सांगते’ म्हटलं, आणि त्याने माझे आभार मानले गं.”

सात जानेवारीला प्रोद्रोमोस यांचा नामदिन, म्हणजे त्यांच्या नावाच्या संताचा सण. कलामारियातल्या त्यांच्या घरी दुपारपासून माणसांची रीघ असते, बोलावणं लागत नाही. आम्ही दोघी मिठाईचा खोका घेऊन गेलो. बसमध्ये ती म्हणाली, “आज सांगणार आहे. माझ्यासोबत आत ये.”

“आज? अगं, त्यांचा नामदिन आहे.”

“विभागात ते सर असतात. सरांपुढे मी ‘खोटा नाही’ म्हणते. घरी कुंबारोस असतात. घरी तरी तोंड उघडतं का बघते.”

ते आम्हाला पुस्तकांच्या खोलीत घेऊन गेले, कारण दिवाणखान्यात जागा नव्हती. अर्गिरो उभीच राहिली. तिने एका दमात सगळं सांगितलं. पापुद्रे, कोन, जाड थर, योर्दानिसचे हात. आणि शेवटी, “कुंबारे, मी सगळ्या कोनांची मोजणी प्रकल्पाला पाठवणार आहे. तुम्हाला आधी सांगावं म्हणून आले.”

मला वाटलं आता छप्पर उडणार. ते हळूच खुर्चीत बसले.

“मला माहीत आहे,” ते म्हणाले.

“तुम्हाला मी सांगितलंच होतं, पण तेव्हा तुम्ही—”

“तसं नाही. गेल्या वसंतात परदेशातल्या एका गटाने छापलंय. हेच. पापुद्रे, कोन, सगळं. छान काम आहे. तुझ्याइतकं स्वच्छ नाही.” त्यांनी चष्मा काढला. “तुला वाटतं तू एकटीच अडकली आहेस? मी सकाळी उठतो आणि माणसं मोजतो, अर्गिरो. कोणाचं घर कशावर चालतं ते मोजतो. प्रकल्प संपेपर्यंत रेटायचं, मग शांतपणे दुरुस्ती छापायची, असं ठरवलं होतं मी.”

“आणि योर्दानिस?”

“त्याला मी दुसरीकडे चिकटवीन.”

“माझं जे होतं ते दुसऱ्यांनी छापलं,” अर्गिरो म्हणाली. अगदी बारीक आवाजात, जणू खोलीत तिला एकटीलाच ऐकू जावं. “मी खाली बसून होते, आणि ते छापून आलं. आणि तुम्ही मला सांगितलंही नाही.”

दार उघडून देस्पिना आत डोकावली. “अगं, तुम्ही इथे? कॉफी निवतेय. अर्गिरो, मिर्तोला का नाही आणलंस?”

आम्ही कॉफी प्यायलो. केक खाल्ला. निघताना त्यांनी अर्गिरोच्या दोन्ही गालांचा मुका घेतला, दरवर्षीसारखा, आणि तिने घेऊ दिला.

तिने मोजणी पाठवली नाही. एक महिना गेला. मी विचारलं की म्हणायची, “पाठवते.” मला तिचा राग यायचा आणि कीवही. मग सिंदोसला बैठक ठरली. लिहून घ्यायला मी होते. लांब टेबल, कंपनीची माणसं एका बाजूला, आमची दुसऱ्या बाजूला, योर्दानिस टोकाला, हातमोजे घातलेला. कंपनीच्या व्यवस्थापकाने बराच वेळ त्याला झोडलं. मग कागद उलटत, सहज, उपचार म्हणून अर्गिरोला विचारलं, “आणि चाकमाकीबाई, मोजणीच्या बाजूने सगळं ठीक ना?”

“सत्तर अंशांवर ठीक आहे,” अर्गिरो म्हणाली.

तो पुढचं पान उलटणार होता. थांबला. “म्हणजे?”

मी लिहायची थांबले. प्रोद्रोमोस यांनी पेनाला टोपण लावलं. ती बोलत गेली, खाली मान घालून, टेबलावर एका बोटाने कोन काढत. कुणाचं नाव घेतलं नाही, स्वतःचं सोडून. “ही मोजणी माझी. अर्धवट आहे हे मला माहीत होतं. ओल नाहीये. छपाई उत्तम आहे.”

योर्दानिसने हातमोजे काढून टेबलावर ठेवले. एवढंच केलं त्याने.

पुढचं भराभर झालं. प्रकल्प मुदतीआधीच गुंडाळला गेला. विभागातल्या अर्ध्या खुर्च्या रिकाम्या झाल्या, आणि प्रत्येकाचा निरोपाचा कागद मीच टाइप केला. योर्दानिसवरचा ठपका गेला, पण त्याची नोकरीही गेली. तो जर्मनीला गेला. जाताना खाली जाऊन तिला मिठी मारून आला. बाकीच्यांनी नाही मारली. उपाहारगृहात एकजण तिच्या ताटाशेजारून जाताना म्हणाली, “आता झोप लागते ना शांत?” तिला लागत नव्हती, हे मला वाईओसकडून कळत होतं.

आम्हाला वाटलं होतं, निदान ती सुटेल. म्हणजे, प्रोद्रोमोस तिला काढतील. उन्हाळ्याआधी तिच्या कराराचा कागद मी सहीला ठेवला. त्यांनी न वाचता सही केली.

“सर, कोणाचा आहे बघितलंत?”

“नजर शाबूत आहे माझी, रूला.”

काढलं नाही, आणि बोललेही नाहीत. नमुने माझ्या हाती खाली पाठवायचे, आकडे माझ्या हाती वर यायचे. एकाच इमारतीत दोन माणसं आणि मध्ये मी आणि जिना. ईस्टर आला तेव्हा अर्गिरो दाराकडे कान लावून होती. धर्मबाप मुलीला ईस्टरची मेणबत्ती आणि नवे बूट देतो. आणले, पण देस्पिनाने. बूट बरोबर मापाचे. मिर्तो म्हणाली, “ते का नाही आले?” देस्पिना म्हणाली, “त्यांचा गुडघा दुखतो, राणी.”

“एकदा तोडून टाकतील तर बरं,” अर्गिरो मला म्हणाली. “ते तोडत नाहीत, आणि मला तोडता येत नाही.”

“तू स्वीडनला पुन्हा लिही.”

“लिहिलं. जागा भरली.”

तिने आपली सगळ्या कोनांची मोजणी शेवटी एका साध्याशा नियतकालिकाला पाठवली. परीक्षकाने लिहिलं, काम नेटकं आहे, निष्कर्ष आधीपासून ज्ञात आहेत. ते वाचून ती हसली, आणि हसता हसता तिला ठसका लागला, मी पाणी दिलं. छापून आलं. तिने प्रोद्रोमोस यांचं नाव सहलेखक म्हणून घातलं होतं, त्यांना न विचारता. त्यांनी ते काढायला सांगितलं नाही.

त्याला आता बरीच वर्षं झाली. प्रोद्रोमोस निवृत्त झाले. नव्या विभागप्रमुखबाईंनी पहिल्याच महिन्यात विचारलं, “हे यंत्र एकाच माणसाला चालवता येतं, हा काय प्रकार?” आणि दोघांना अर्गिरोच्या हाताखाली दिलं. आता अकराच्या सुमाराला ती वर येते, माझ्या खोलीत कॉफी घेते. सुरुवातीला डोळे मिचकावत बसायची, उजेडाने पाणी यायचं.

निवृत्तीनंतर अबोला आपोआप विरला, आता प्रोद्रोमोस अधूनमधून येतात. जुनी सवय, घरी बसवत नाही. सोमवारी आले तर खोका असतो हातात. तिघं बसतो. मिर्तोचं कॉलेज, देस्पिनाची शुगर, महापौर किती गाढव आहे. त्या फिल्मबद्दल दोघंही एक अक्षर काढत नाहीत. मी एकदा मुद्दाम विषय काढला, तर दोघांनीही एकदमच माझ्याकडे असं बघितलं की मी साखर आणायला उठले.

मागच्या सोमवारी त्यांनी वाईओसची चौकशी केली. तो आता सामान पोचवायची गाडी चालवतो, आणि ओझी उचलून त्याच्या कंबरेची वाट लागली आहे.

“ऑपरेशन सांगितलंय,” अर्गिरो म्हणाली. “सरकारी दवाखान्यात नंबर पुढच्या वर्षीचा.”

“पुढच्या वर्षीचा? वेड लागलंय का लोकांना?” त्यांचा तो जुना आवाज, मोठा, मायेचा. “तिथला सर्जन माझा मावसभाऊ आहे. फोन करू?”

अर्गिरोच्या बोटांनी कपाचा कान धरला होता. तो तिने सोडला, पुन्हा धरला. मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

“करा, कुंबारे,” ती म्हणाली.

त्यांनी तिथेच फोन लावला.

जिन्यापाशी तिने मला गाठलं. “बघू नकोस अशी,” ती म्हणाली. “रात्री कूस बदलता येत नाही गं त्याला.”